धड जोडायचा धीर होत नाही

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ३७ वर्षांच्या आहेत आणि सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करतात. ‘चुका शोधायचाच मला पगार मिळतो,’ असं त्यांनीच लिहिलंय. तीन वर्षांपासून विमानांच्या छोट्या मॉडेलची प्लॅस्टिकची किटं जोडतात. सध्या टेबलावर १/४८ प्रमाणातलं स्पिटफायर मार्क नऊ, दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, आहे. त्याच्या कॉकपिटसाठी त्यांनी रेझिनचा वेगळा संच आणि फोटो-एचचे (पातळ पत्र्यातून रसायनानं कोरून काढलेले) पट्टे आणले आणि सात महिने खपून ते पूर्ण केलं. आता धडाचे दोन अर्धे चिकटवायचे, तर हात पुढे होत नाही, कारण चिकटवले की आतलं बहुतेक काम कायमचं झाकलं जाणार. त्यात एका अनुभवी मॉडेलरनं फोटो बघून ‘आतला हिरवा चुकलाय’ असा शेरा मारला. तेव्हापासून चार महिने ते दोन अर्धे टेपनं बांधून डब्यात पडले आहेत. त्यांचे प्रश्न असे: रंग काढून कॉकपिट नव्यानं करावं का? धड उघडंच ठेवून मांडावं का? की हे बाजूला सारून दुसरं किट काढावं? कपाटात न उघडलेली नऊ किटं आहेत.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती, म्हणून जरा आगाऊपणा करून ओळी मोजल्या. कॉकपिटवर तुम्ही ४१ ओळी लिहिल्या आहेत. कोणत्या डायलवर वार्निशचा थेंब कसा बसवला, सीटचा पट्टा तीनदा का काढावा लागला, केसाएवढी तार कुठून कुठे नेली, सगळं. पंख जोडण्याबद्दल एक ओळ आहे. आणि त्यापुढच्या सगळ्या कामाला मिळून चार शब्द: ‘मग रंग, डिकल्स वगैरे.’ (डिकल्स म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं.)

आपण त्या ‘वगैरे’बद्दल बोलू. मला वाटतं, तुमचं घोडं तिथेच अडलंय.

केलेलं काम झाकलं जाणार याचं वाईट वाटतं, असं तुम्ही म्हणता. वाटणारच. पण हे दोन अर्धे एक दिवस चिकटणार, हे रेझिनचं पाकीट फोडलंत त्या दिवशीही ठाऊक होतं, आणि तेव्हा काही हात थांबला नव्हता. मग आत्ताच का? मला दिसतं ते असं: कॉकपिटमधली चूक परत मागे घेता येते. नखाएवढा तुकडा चिमट्यात धरायचा, रंग पुसायचा, पुन्हा लावायचा. सात महिने तुम्ही अशा जागेत काम केलंत जिथे काहीच शेवटचं नव्हतं. धड चिकटलं की ती सोय संपली. पुढे शिवण घासायची, पंखाच्या मुळाशी फट भरायची आणि मग एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं पेनसारखं साधन, हातात घ्यायचा. खऱ्या स्पिटफायरचा पंखविस्तार ११.२३ मीटर, १/४८ ला तो २३४ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर एक वीत. त्या वीतभर पंखावर रंग ओघळला तर दारातून आत येणाऱ्यालाही दिसतो. आणि ज्या बाईंना चुका शोधायचा पगार मिळतो, त्यांना तो ओघळायच्या आधीपासून दिसायला लागतो.

अंदाज चुकला असेल तर माझं म्हणणं सोडून द्या. पण तुमच्यासारखी पत्रं मला बरीच येतात आणि त्यातले बहुतेक जण कॉकपिटपाशीच थांबलेले असतात. मॉडेलर मंडळींनी या दुखण्याला थट्टेनं ‘अ‍ॅडव्हान्स्ड मॉडेलर्स सिंड्रोम’ असं भारदस्त नावही देऊन ठेवलंय.

आधी त्या हिरव्याचा निकाल लावू, कारण त्यानं फुकटचे चार महिने खाल्ले. ब्रिटिश विमानांच्या आतला तो राखाडी-हिरवा नेमका कोणता, यावर लोक हातघाईवर येतात. त्या काळातले बहुसंख्य फोटो कृष्णधवल आहेत आणि कृष्णधवल फिल्मचेही प्रकार होते. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडं दिसत नसे, पिवळा त्यात काळपट उमटे आणि निळा फिकट. संग्रहालयातली विमानं डागडुजीच्या वेळी पुन्हापुन्हा रंगवलेली असतात. आज एकाच नावानं विकल्या जाणाऱ्या दोन बाटल्यांतला रंगही शेजारी शेजारी लावला तर जुळत नाही. आणि त्या गृहस्थांनी तुमचा रंग पाहिला तो फोनच्या कॅमेऱ्यातून, दिव्याखाली. तरीही ते बरोबर असू शकतात, हे मान्य. समजा आहेत. म्हणून काय करायचं? रंग काढायला बसलात तर तारा आणि पट्टे त्याबरोबर उखडतील. त्यापेक्षा काळपट-तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, एकदा फिरवा. भडकपणा उतरेल, कोपऱ्यांत सावल्या बसतील, अर्ध्या तासाचं काम आहे. शिवाय धड बंद झालं की आत अंधार होतो आणि प्रत्येक रंग एक छटा गडद दिसायला लागतो. तिथे नजर जाते ती सीटकडे, पट्ट्यांकडे आणि पॅनेलच्या वरच्या कडेकडे. सीट तुम्ही विटकरी-तपकिरी रंगवली आहे, ते छानच. राळ मिसळून दाबून घडवलेल्या त्या सीटा तशाच असायच्या. हिरव्याकडे बघणारे तुम्ही आणि ते गृहस्थ, दोघंच.

आता मला तुमच्या पत्रातली खरी खटकलेली गोष्ट. तुम्ही ‘अचूक स्पिटफायर मार्क नऊ’ असं चार वेळा लिहिलंय. मार्क लिहिलात, विमानाचा क्रमांक मात्र कुठेच नाही. मार्क नऊची पाच हजारांहून जास्त विमानं बनली आणि ती एकसारखी नव्हती. सुरुवातीच्या विमानांच्या नाकाखाली कार्ब्युरेटरची हवा घेणारं आखूड तोंड आहे, नंतरच्यांना लांबट. सुकाणूचं टोक आधी गोल, पुढे टोकदार. पंखात कुठे दोन २० मिलिमीटर तोफा आणि चार लहान मशीनगन, कुठे तोफांच्या जोडीला दोनच, पण जाड नळीच्या. काहींच्या पंखांची टोकं छाटलेली. यातलं ‘अचूक’ कोणतं? तुम्ही सगळ्यांच्या सरासरीशी तुलना करत बसलात तर तुमचं मॉडेल दर वेळी कुठे ना कुठे चुकणारच, कारण तसं सरासरी विमान कधी उडालंच नाही.

आणि हा मार्क नऊ आला कसा, तेही बघा. १९४१ च्या शरदात जर्मनांचं फॉके-वुल्फ १९० आघाडीवर आलं आणि तेव्हाचं स्पिटफायर मार्क पाच त्याच्यापुढे तोकडं पडायला लागलं. दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरचं (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राचं) नवं मर्लिन ६१ इंजिन हाताशी होतं. त्या इंजिनासाठी नीट, सावकाश आखलेलं विमान म्हणजे मार्क आठ. पण ते तयार व्हायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ नव्हता. म्हणून मार्क पाचच्याच सांगाड्यात नवं इंजिन बसवलं, नाक लांबवलं, चार पात्यांचा पंखा लावला, दोन्ही पंखांखाली सारखे रेडिएटर दिले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात ते स्क्वॉड्रनमध्ये धाडलं. तात्पुरती सोय म्हणून. शेवटी मार्क आठपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं बनलं ते हेच. अकरा महिने तुम्ही ज्याच्यापुढे श्वास रोखून बसला आहात, ते विमान मुळात घाईत केलेली जोडाजोड होती. मला तर ही गंमतच वाटते.

तेव्हा पहिलं काम डब्याला हात न लावता करायचं. एक विमान निवडा. एक क्रमांक, एक तारीख, शक्य तर एक फोटो. फोटोत जे दिसतं त्याची यादी करा: सुकाणू, पंखांची टोकं, चाकांच्या चकत्या, तोंड आखूड की लांब, रंग कुठे उडालाय. मॉडेलला ताडून बघायचं ते या यादीशी. तुमच्याच कामाच्या भाषेत बोलायचं तर आत्तापर्यंत तुम्ही रिक्वायरमेंट न ठरवता टेस्टिंग करत होता.

तुम्ही विचारलेल्या तीन वाटांबद्दल.

कॉकपिट नव्यानं करू नका. याहून जास्त लिहायची गरज वाटत नाही.

धड उघडं ठेवून मांडणं हा खरोखरचा पर्याय आहे. इंजिनाचं आवरण काढलेली, एका बाजूनं कापून दाखवलेली सुंदर मॉडेल्स लोक करतात. फक्त मग कॉकपिटच्या मागची पोकळी, धडाच्या आतल्या कड्या, टाकी, नियंत्रणाच्या दोऱ्या, सगळं दाखवावं लागतं. नुसतं अर्धं धड ठेवलं तर ते कापून दाखवलेलं न वाटता अर्धवट राहिलेलं वाटतं. म्हणजे अजून वर्षभराचं काम, आणि तेही पुन्हा त्याच सुरक्षित जागेत. सांगाड्याच्या रचनेचं मनापासून वेड असेल तर जरूर करा. पत्रात मला ते दिसलं नाही.

तिसरी वाट म्हणजे दुसरं किट. एरवी मी हाच सल्ला देतो: एखादं साधं १/७२ चं किट घ्या, बाहेरचा एकही जादा भाग न लावता महिन्याभरात संपवा, हात मोकळा होतो. कपाट भरलेल्या बऱ्याच वाचकांना मी तेच सांगेन. तुमच्या बाबतीत मात्र क्रम उलटा हवा. आधी हे धड बंद होऊ दे, मग त्या नऊतलं सगळ्यात नावडतं किट काढा आणि एअरब्रशच्या सरावाला जुंपा. आधी नवं उघडलंत, तर मला भीती आहे की महिन्याभरानं टेपनं बांधलेली दोन धडं असतील.

राहिली चौथी वाट, जी तुम्ही विचारली नाही. धड बंद करा, पण दार उघडं ठेवा. स्पिटफायरच्या कॉकपिटला डाव्या बाजूला खाली पडणारं छोटं दार असतं. ते पाडलेलं आणि हूड (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) मागे सरकवलेलं दाखवलं की डावीकडून सीट, पट्टे, पॅनेल आणि उजवी भिंत बरीचशी दिसते. तुमच्या किटात दार वेगळं नसेल तर स्क्राइबरनं (रेघ कोरायच्या टोकदार हत्यारानं) हळूहळू रेघ ओढून कापून घ्या. हे मात्र धड चिकटवण्याआधी. वैमानिक याच बाजूनं चढत असल्यामुळे डाव्या पंखाच्या मुळाशी बुटांनी रंग घासला जायचा. पुढे झिजलेपण दाखवाल तेव्हा ते तिथे दाखवा, दोन्हीकडे सारखं नको. आणि ज्या फोटो-एच फ्लॅप्सच्या (पंखांच्या मागच्या कडेला खाली पडणाऱ्या झडपांच्या) संचाबद्दल तुम्ही उत्साहानं लिहिलंय, तो पाकिटातच राहू दे. उतरल्यावर वैमानिक फ्लॅप्स लगेच वर घेत. उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप्स खाली दिसणं हा अपवाद. तेवढीच तुमची तीन आठवड्यांची बचत.

बंद करण्याआधी खिडकीच्या उजेडात कॉकपिटचे भरपूर फोटो काढून ठेवा. मॉडेल मांडाल तिथे त्यातला एखादा शेजारी ठेवायला काहीच हरकत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणी. इतर वाचकांनाही हे उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. रेझिनच्या भिंती किटच्या प्लॅस्टिकपेक्षा जाड पडतात, त्यामुळे कॉकपिट आत बसवून धड कोरडंच मिटवून बघा. बोटांनी दाबल्याशिवाय फट मिटत नसेल तर चिकटवू नका. तशी दाबून चिकटवलेली शिवण पुढे कधीतरी उकलते. धडाच्या आतली बाजू घासून पातळ करा, पुन्हा बघा. खालचा पंखही कोरडाच लावून बघा. रेझिनमुळे धड फुगलं तर पंख बसत नाही. उलट पंखाच्या मुळाशी फट राहिली तर पुटीचा डबा उघडण्याआधी स्प्रूचा (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) तुकडा योग्य मापाचा कापून धडाच्या दोन भिंतींमध्ये आडवा अडकवा, फट बरीचशी आपोआप मिटते. पंख बाजूनं वर उचललेले असतात, सुमारे ६ अंश. दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आहेत का, हे मोजूनच पुढे जा. स्पिटफायर ओळखू येतं ते या कोनावरून आणि पंखाच्या लंबगोलावरून. इथे चुकलेलं वरचा कुठलाही बारकावा झाकू शकत नाही.

चिकटवताना पातळ सॉल्व्हेंट वापरा आणि सगळं धड एका दमात करू नका. आधी नाकापासून विंडस्क्रीनपर्यंतची शिवण जुळवा, ब्रशचं टोक नुसतं टेकवा, द्रव आपोआप आत ओढला जातो. ते धरलं की पाठ, मग शेपूट, शेवटी पोट. बोट शिवणीवर ठेवू नका. द्रव बोटाखाली शिरतो आणि तुमचा ठसा विमानावर कायमचा उमटतो. टेपखालीही तो तसाच पसरतो, म्हणून टेपच्या पट्ट्या अंतरा-अंतरानं लावा. मग दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. मऊ झालेलं प्लॅस्टिक सुकताना थोडं बसतं, लगेच घासलंत तर आठवड्यानं तिथे घळ दिसते. आणि विंडस्क्रीनच्या जवळपास झटपट चिकटणारा सुपरग्लू आणू नका, त्याच्या वाफेनं पारदर्शक भागावर पांढरं धुकं धरतं.

जाता जाता तुम्ही रिव्हेटचं विचारलंय: सगळ्या विमानावर रिव्हेटच्या ओळी टोचाव्यात का? इथे मला एक जुना प्रयोग सांगायचा मोह आवरत नाही. पृष्ठभागाशी सपाट बसणारे रिव्हेट महाग आणि वेळखाऊ. गोल डोक्याचे स्वस्त, पण वेग किती खातील? स्पिटफायर बनवणाऱ्यांनी सपाट रिव्हेटवर सुक्या वाटाण्याची अर्धुकं चिकटवली, विमान उडवलं, आणि मग जागोजागची अर्धुकं काढत पुन्हा उडवून मोजलं. पंखावर सपाट हवेतच, धडाच्या मागच्या भागात गोल डोक्याचे चालतील, असं त्यातून निघालं. तेव्हा सगळीकडे एकसारखे टोचले तर उलट चूक. शिवाय ५ मिलिमीटरचं डोकं १/४८ ला ०.१ मिलिमीटर होतं. किटावरच्या पॅनेलच्या रेघाच बघा, पाव मिलिमीटरची खोबण म्हणजे खऱ्या विमानावर १२ मिलिमीटरची फट. आपण सगळेच हे खोटं गोड मानून घेतो. मी तुमच्या जागी असतो तर या मॉडेलवर रिव्हेट टोचलेच नसते.

आणि आता ते ‘वगैरे’. विमान निवडायचंच आहे तर जून १९४४ मधलं निवडा, असं मी सुचवेन. वर गडद हिरवा आणि ओशन ग्रे, पोटाला मीडियम सी ग्रे, आणि ६ जूनच्या नॉर्मंडीच्या स्वारीसाठी पंखांवर आणि धडावर आलेले पांढरे-काळे पट्टे: तीन पांढरे, दोन काळे, प्रत्येक १८ इंचांचा. आपल्या प्रमाणात साडेनऊ मिलिमीटर. हे पट्टे स्वारीच्या ऐन तोंडावर जमिनीवरच्या माणसांनी घाईघाईत, बऱ्याच ठिकाणी ब्रशनं ओढले. कडा वाकड्या, पांढऱ्यातून खालचा रंग डोकावतोय, असे फोटो आहेत. ज्यांना पहिल्यांदा मोठ्या पृष्ठभागावर रंग मारायची धास्ती आहे, त्यांना याहून मवाळ विषय मिळणार नाही. इथे थोडं वाकडं गेलेलंच खरं वाटतं.

सुरुवात पोटापासून करा. टेबलावर ठेवलेल्या विमानाचं पोट कोणी पाहत नाही, पहिल्या चुका तिथे खपून जातात. त्याआधी प्लॅस्टिकच्या दोन-चार चमच्यांवर हात बसवा: रंग दुधाइतका पातळ, दाब कमी, थर विरळ, एकाच ठिकाणी थांबायचं नाही. प्रायमर मारल्यावर शिवणीतल्या खोटी उघड्या पडतील. त्यांना घाबरू नका, प्रायमर असतोच त्यासाठी. पुटी, घासणं, पुन्हा प्रायमर. डिकल्सच्या आधी चकचकीत वार्निश, नाहीतर त्यांच्याखाली हवा अडकून रुपेरी चट्टे दिसतात. शेवटी मॅट. रंग बिघडलाच तर बाहेरच्या पृष्ठभागावरून तो काढता येतो. कॉकपिटसारखे तिथे तारा आणि पट्टे नाहीत, त्यामुळे ‘मागे घेता येणं’ पुढेही बरंच शिल्लक आहे.

एक कबुली देतो. माझ्या कपाटात एक हरिकेन आहे, बाहेरून बरं जमलेलं. पण ते उचललं की आत काहीतरी खुळखुळतं. बहुतेक कंट्रोल स्टिक असावी. धड चिकटवताना तिचा जोड तपासायचा राहून गेला. बारा वर्षं झाली. ते हातात घेणारा प्रत्येक जण एकदा कानाशी धरून हलवतो आणि हसतो, आणि खरं सांगायचं तर आता ते वाजलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होईल.

तुमचं तसं व्हायला नको. येत्या सुटीच्या दिवशी सकाळी डबा काढा, वॉश फिरवा, सुकू द्या. फोटो काढा. दुपारी कोरडंच मिटवून टेप लावा आणि धड कानाशी धरून हलवा. काही वाजलं नाही, तर सॉल्व्हेंटची बाटली उघडा.